पाटीवरची दुसरी ओळ

आमच्या उर्दू शाळांच्या पालक सभेत, शिक्षक दिनाच्या भाषणात, तालीमवर बोलण्यासाठी भरलेल्या कोणत्याही जलशात एक वाक्य हमखास ऐकू येते. 'चीनकडे बघा, जपानकडे बघा. त्यांनी आपली जबान सोडली नाही, म्हणून ते पुढे गेले.' टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच दोन-तीन पालक शाळेत येऊन मुलाचा दाखला मागतात. इंग्रजी शाळेत घालायचे असते. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण लिहावे लागते. तिथे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहून आम्ही मोकळे होतो.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो, मराठीचे तासही घेतो. एकदा हातगाडीवर फळे विकणारे एक पालक मुलीचा दाखला घ्यायला आले होते. आम्ही त्यांना समजावू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, चीनवालों की जबान चीन में चलती. हमारी कहाँ चलती?"

प्रश्न साधा होता आणि त्याला चटकन देता येईल असे उत्तर नव्हते. इतिहासाच्या शिक्षकाने अशा वेळी निदान एवढे तरी करावे, की ज्या चीनचा दाखला आपण ऊठसूट देतो त्या चीनमध्ये नेमके काय घडले ते नीट वाचावे. आम्ही ते वाचत गेलो. भाषणातले ते वाक्य खोटे नाही. पण ते पुरेही नाही.

चीनच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात पुस्तकांत अफूच्या युद्धापासून करतात. १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी चीनशी युद्ध केले. ज्या अफूसाठी ते झाले ती हिंदुस्थानात पिकत होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांत चढत होती. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले आणि चीनच्या बंदरांची दारे जबरदस्तीने उघडली गेली. पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या आणि त्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले. आमच्या खामगावची कापसाची बाजारपेठ त्याच काळात नावारूपाला आली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला तो माणसांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. म्हणजे आधुनिक काळ चीनच्या दारात आला तसाच वऱ्हाडच्या दारातही आला. आपण बोलावला नव्हता. दुसऱ्याच्या सोयीने आला.

अशा वेळी प्रत्येक समाजाला एकच कोडे पडते. नवे घ्यायचे तर किती घ्यायचे, आणि आपले टाकायचे तर काय टाकायचे? चीनच्या विद्वानांनी आधी असे ठरवले की गाभा चिनी विद्येचा ठेवावा आणि वापरापुरती पाश्चात्य विद्या घ्यावी. तोफा घ्याव्यात, जहाजे घ्यावीत, विचार घेऊ नयेत. हे ऐकले की आमच्या वाचकांना आपल्याकडचे वाद आठवतील. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम आणि १८७५ साली अलिगढचे मदरसतुल उलूम निघाले, तेव्हा आपल्या बुजुर्गांतही हाच वाद होता. चीनमध्ये तो वाद १८९४-९५ च्या युद्धाने मिटवला. ज्या जपानला चीन आपला शागिर्द समजत होता, त्या जपाननेच चीनला हरवले. नुसत्या तोफा घेऊन भागत नाही हे कळले. १९०५ साली सरकारी नोकरीसाठीची हजारभर वर्षांहून जुनी परीक्षापद्धती बंद झाली. १९११ साली क्रांती झाली आणि बादशाही गेली.

आता त्या वाक्याकडे येऊ. 'चीनने आपली जबान सोडली नाही.' खरे म्हणजे चीनने आपली एक जबान सोडलीच. ती ग्रंथांची जुनी भाषा होती. दोन हजार वर्षे बहुतेक लिखाण तिच्यात होत होते, पण ती कुणाच्याही घरात बोलली जात नव्हती. शेतकऱ्याचे पोर तिच्यात पास होणे अवघडच. १९१७ साली हू शी याने लिहिले की लोक बोलतात त्या भाषेत साहित्य लिहिले पाहिजे. १९१८ साली लू शुनची 'वेड्याची रोजनिशी' ही कथा लोकभाषेत छापून आली. ४ मे १९१९ रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात चीनचा मुलूख जपानला दिला जात होता, त्याविरुद्ध हा मोर्चा होता. पण त्या चळवळीने भाषेचा प्रश्नही सोबत उचलला. १९२० साली प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत लोकभाषा आणण्याचा सरकारी हुकूम निघाला. शिक्षक म्हणून आम्हाला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. देश बदलायचा म्हणून त्यांनी पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात केली.

लिपीचा वाद तर त्याहून कडाक्याचा झाला. चिनी चित्राक्षरे हजारोंच्या संख्येने पाठ करावी लागतात. लू शुनसारखा मोठा लेखकदेखील म्हणू लागला की ही लिपी टाकून रोमन घ्यावी. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन घेतली, हे उदाहरण ताजे होते. चीनने मात्र शेवटी मधला मार्ग घेतला. १९५६ साली अक्षरे सोपी केली आणि १९५८ साली उच्चार शिकवण्यापुरती पिनयिन ही रोमन लिपी आणली. मूळ लिपी राहिली. आज चिनी मूल पहिलीत पिनयिन शिकते आणि तिचा हात धरून अक्षरांकडे जाते. तुर्की मुलाला मात्र आजोबांचे पत्र वाचता येत नाही. आमच्याही मोहल्ल्यात असे घर सापडते, जिथे आजोबांच्या वहीतले उर्दू नातवाला वाचता येत नाही. इथे तर कुणा सरकारने लिपी बदललेली नाही. आपल्याच हाताने झालेले आहे.

चीनच्या या घडणीत आपल्या महाराष्ट्राचाही एक माणूस खपला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात डॉ. कोटणीस होते आणि विदर्भातून नागपूरचे डॉ. चोळकर होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून जहाज सुटले. जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर डोंगरदऱ्यांत, खेड्यांत उपचार करायचे होते. बाकीचे डॉक्टर पुढेमागे परतले. कोटणीस राहिले. ते चिनी शिकले, चिनीत रुग्णांशी बोलले, चिनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले. को चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस वारले. वय अवघे बत्तीस.

ही कहाणी आपल्या लोकांपर्यंत कुणी पोचवली? ख्वाजा अहमद अब्बास यांनी. हाली पानिपतींच्या घराण्यातला हा उर्दूचा लेखक. त्यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले, त्यावरून कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. सोलापूरचा मराठी डॉक्टर, पानिपतचा उर्दू लेखक, कोल्हापूरचा दिग्दर्शक आणि चीनमधले खेडे. वर्गात आम्ही हे सांगतो तेव्हा मुलांना विचारतो की यात परके कोण? योगायोग असा की पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही १९९० साली सोलापुरातच भरले. कोटणीसांनी दुसऱ्याची भाषा घेतली म्हणून त्यांचे सोलापूर कुणी काढून घेतले नाही. आपण मराठीत लिहितो म्हणून आपली उर्दू कमी होत नाही, हे सांगायला आम्हाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळत नाही.

पण 'चीनची जबान' म्हणताना आणखी एक प्रश्न उरतोच. चीनमधले सगळे चिनी बोलतात का? १९१२ साली चीन प्रजासत्ताक झाला तेव्हा झेंड्यावर पाच रंगांचे पट्टे होते. हान, मांचू, मंगोल, हुई म्हणजे मुसलमान, आणि तिबेटी. मुसलमानांचा पट्टा पांढरा होता. नव्या राष्ट्राची कल्पना मांडणाऱ्यांनी आपल्याला त्यात एक पट्टा दिला होता, हे वाचून बरे वाटते. हुई मुसलमान चिनीच बोलतात. त्यांच्या मदरशांत चिनी भाषा अरबी लिपीत लिहिण्याची रीत होती, तिला शियाओ-अर-चिंग म्हणतात. म्हणजे बोली शेजाऱ्याची, लिपी मकतबची. आपल्या दखनीची आठवण यावी अशीच ही गोष्ट आहे.

याच हुई समाजात मा चिएन नावाचे आलिम होऊन गेले. १९३१ साली ते कैरोला अल-अझहरमध्ये शिकायला गेले. तिथे राहून त्यांनी कन्फ्यूशियसचे वचनसंग्रह अरबीत आणले. परत येऊन पेकिंग विद्यापीठात अरबीचे अध्यापक झाले आणि कुरआन शरीफचे चिनीत भाषांतर केले. ते संपूर्ण छापून आले १९८१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. दोन्ही बाजूंनी ये-जा करता येईल असा पूल एकट्या माणसाने बांधला. इल्मसाठी चीनपर्यंत जावे असे एक वचन आपण लहानपणापासून ऐकतो. हदीसचे जाणकार त्याची सनद कमजोर मानतात. पण चीनचा एक मुसलमान इल्मसाठी अरबस्तानच्या दिशेने गेला आणि आपल्या देशाचे शहाणपण सोबत घेऊन गेला, हा इतिहास मात्र पक्का आहे.

नंतरचा चीन सगळा गोड नाही, आणि तोही मुलांना सांगितला पाहिजे. १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'त कोट्यवधी माणसे भुकेने मेली. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत मशिदी बंद पडल्या, ग्रंथ जाळले गेले. १९७८ नंतर धोरण बदलले, कारखाने उभे राहिले, गरिबी हटली. अल्पसंख्य जमातींना आपापल्या भाषा वापरण्याचे आणि वाढवण्याचे स्वातंत्र्य चीनच्या राज्यघटनेत लिहिलेले आहे. शिंजियांगमधल्या उइगुर मुसलमानांची अरबी वळणाची लिपी साठीच्या दशकात बदलून रोमन केली होती, ती १९८२ साली परत दिली. मंगोल मुलांसाठी मंगोल शाळा होत्या. म्हणजे एक वेळ अशी होती की चीनमध्येही पाटीवर दुसरी ओळ होती.

पुढे ती ओळ पुसट होत गेली. २०१७ पासून शिंजियांगमध्ये लाखो उइगुर व इतर मुसलमानांना छावण्यांत कोंडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शाळांतून उइगुर भाषा मागे सारली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवाल दिला, की तिथे जे घडले ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. चीन सरकार हे नाकारते आणि त्या छावण्यांना प्रशिक्षण केंद्रे म्हणते. २०२० साली आतल्या मंगोलियात इतिहासासह तीन विषय मंगोल भाषेतून काढून चिनीत आणले, तेव्हा आईबापांनी मुलांना शाळेतून घरी नेले. २०१९ साली पेकिंगमधल्या हलाल दुकानांना पाटीवरची अरबी अक्षरे काढायला किंवा झाकायला लावले. ही दुकाने हुईंची होती, जे चिनीच बोलतात, चिनीच लिहितात. त्यांनी बहुसंख्यांची भाषा कधीच आपली मानलेली होती. तरी पाटी पुसली गेली.

इथे आम्हाला थांबावे लागते. ज्या चीनने आपल्या शेतकऱ्याच्या पोराला समजेल अशी भाषा पहिलीच्या पुस्तकात आणली, त्याच चीनने दुसऱ्याच्या पोराच्या पुस्तकातून त्याची भाषा काढली. एकच राष्ट्र, एकच 'आधुनिकीकरण' हा शब्द. म्हणून आमच्या जलशांतल्या त्या वाक्याला जोड द्यावी लागेल. चीन आपल्या भाषेत शिकून पुढे गेला, हे खरे. पण 'आपली' या शब्दात कोण कोण बसतो ते विचारल्याशिवाय हे वाक्य पुरे होत नाही.

आता आपल्या गावाकडे. आमच्या जिल्ह्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. १७२४ साली तिथे लढाई झाली, निजामुल्मुल्कने मुबारिजखानाला हरवले आणि दख्खनमध्ये निजामाचे राज्य पक्के झाले. विजयाच्या आठवणीसाठी गावाचे नाव फतेहखेडा ठेवले गेले. हुकूम निजामाचा होता. पण लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले, आजही म्हणतात. आमच्या उर्दू शाळेतली मुलेही साखरखेर्डाच म्हणतात. लोकांच्या जिभेवर जे बसते ते हुकमाने उतरत नाही आणि हुकमाने बसतही नाही.

आमच्या जिल्ह्याला लागून अकोला जिल्हा आहे. तिथल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर वर मराठी आणि खाली उर्दू अशी पाटी होती. त्या खालच्या ओळीवर हरकत घेतली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. मराठी ही अधिकृत भाषा म्हणून पाटीवर हवीच, पण तिच्यासोबत उर्दू असण्याला कायद्याची मनाई नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच मातीत जन्मली, असे न्यायालयाने म्हटले. पेकिंगच्या दुकानदाराला जायला असे न्यायालय नव्हते. आपल्याला होते. ही लहान गोष्ट नाही. राज्यघटनेचे कलम २९, ३० आणि ३५०-अ आम्ही वर्गात नुसती पाठ करून घेत नाही. पातूरची पाटी फळ्यावर काढून दाखवतो.

पण न्यायालय पाटी वाचवू शकते, वाचणारा घडवू शकत नाही. ते काम आमचे आहे. उर्दू शाळेतला मुलगा दहावीनंतर विज्ञानाला गेला की सगळे एकदम इंग्रजीत येते. पोलीस भरतीला बसला की पेपर मराठीत येतो. तालुक्याच्या गावी एका कार्यालयात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा अर्ज मराठी शुद्ध नाही म्हणून परत केला गेला. ती घरी बसली. मराठी शिकवण्याची सक्ती सगळ्या शाळांना २०२० च्या कायद्याने आली, पण कायद्याच्या आधीपासून आमच्या मुलांना मराठी लागतच होती. बाजारात ती वऱ्हाडी फाडफाड बोलतात. 'कायले गेलता बे?' असे मित्राला विचारताना कुणाला माध्यम आठवत नाही. फक्त तीच भाषा वहीत आली की हात थबकतो. जिभेवर आहे ते वहीत आणायचे, एवढेच काम आहे. चीनमध्ये शंभर वर्षांपूर्वी हू शी आणि लू शुन यांनी नेमके हेच आरंभले होते.

म्हणून आम्ही अलीकडे मराठीचा तास वेगळ्या रीतीने घेतो. फळ्याचे दोन भाग करतो. एकीकडे मराठी, एकीकडे उर्दू. दुकान, बाजार, अर्ज, वकील, फिर्याद, जिल्हा, तालुका, तहसील. मुले हसतात. 'सर, ये तो दोनों तरफ एकच है!' मग ज्या शब्दांना भिन्न वळण आहे ते घेतो. तिथेही भीती कमी झालेली असते. गणित आणि विज्ञानाचे पारिभाषिक शब्द तीन भाषांत एका वहीत लिहून घेतो. याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, अकरावीची उर्दू वर्गखोली दूर आहे, आणि मुलगी दूर पाठवायला घर तयार नसते. तरी मुलाला एवढे कळते की तीन भाषा म्हणजे तीन ओझी नव्हेत.

'हमारी कहाँ चलती?' या प्रश्नाचे उत्तर आता आमच्याकडे थोडेफार आहे. जबान कुठे चालते हे आधी ठरलेले नसते. चिनी लोकभाषाही १९०५ च्या आधी परीक्षेत चालत नव्हती. ती चालती केली गेली. शिक्षकांनी, लेखकांनी, छापखान्यांनी. आणि उइगुर भाषा शाळेत चालत होती, ती बंद केली गेली. दोन्ही गोष्टी माणसांनीच केल्या. उर्दू आपल्या घरात चालते का, तिच्यात नवे ज्ञान लिहिले जाते का, तिच्यातून मराठीत आणि मराठीतून तिच्यात ये-जा होते का, हे कुठल्याही न्यायालयाच्या हातात नाही.

पातूरची ती पाटी आता कायद्याने सुरक्षित आहे. तिच्याखालून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना वरची ओळ वाचता यावी आणि खालचीही. दोन्ही वाचता आल्या तरच ती पाटी पूर्ण वाचली असे म्हणता येईल.